काचेला तेल

तरणतलावाच्या कमिटीचे सेक्रेटरी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेले आणि इतक्या वर्षांत तिथून हललेले नाहीत. मी टूलकिट घेऊन ऑफिसच्या दारात उभी, आणि हे गृहस्थ खुर्चीतून न उठता विचारतात, मेकॅनिक कधी येणार? मी म्हटलं, मेकॅनिक मीच, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा आहे. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि बाजारात भेंडी मोडून बघावी तसं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग गुजराती सोडून मराठीत आले. कुठल्या तुम्ही? सुभानपुऱ्यातली. ते नव्हे, मूळच्या? मूळच्या चाळीसगावकडच्या, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. यावर ते म्हणाले, "अच्छा. म्हणजे बाहेरचे."

बाहेरचे! अहो, मी बडोद्यात जन्मले. बालवाडीत गुजराती कक्को गिरवला. भाजीवाल्याशी भांडायचं तर मला अजून गुजरातीच सुचते. पण ह्यांचं घर रावपुऱ्यात, आजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर, घरात भिंतीवर कुणाकुणाच्या पगड्यांचे फोटो. त्यांच्या लेखी बडोद्यातले मराठी म्हणजे तेवढेच. आमच्यासारखे रेल्वेत, रिफायनरीत, कारखान्यात पोट भरायला आलेले ते सगळे बाहेरचे, मग तुमची दुसरी पिढी असो नाहीतर पाचवी. कमिटीतल्या बाकीच्या गुजराती सभासदांशी मात्र हे असे लोण्यासारखे बोलायचे की ऐकताना मला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं, आणि त्या गुदगुल्या चांगल्या नव्हेत.

काम मला मिळालं ते अध्यक्षांमुळे. ते व्यापारी माणूस, साधे, काम होतंय ना मग करू द्या या मताचे. सेक्रेटरींना अहमदाबादची एक कंपनी आणायची होती, गणवेशातली माणसं, छापील रिपोर्ट. तडजोड अशी झाली की वर्षभर मला बघायचं, आणि पाण्याबद्दल सभासदांची एक जरी रीतसर तक्रार आली तर मी घरी आणि अहमदाबादवाले आत. हे कलम सेक्रेटरींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कागदावर घातलं. मी सही केली, कारण दुसरं काय करणार होते? कारखान्यांनी सांगितलं होतं, शिफ्टला बायका घेत नाही. तीन वर्षं मी टीव्हीच्या दुकानात मागे बसून सोल्डरिंग केलं होतं, आणि पुढे गिऱ्हाईक आलं की मालक मला आत जायला सांगायचा. पंपरूममधल्या भिंतीवरचा तो पीएचचा कंट्रोलर हे माझ्या आयुष्यातलं पहिलं यंत्र, ज्याच्या देखभालीच्या तक्त्यावर माझी सही होती. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

आता हा पीएच म्हणजे काय, तर पाणी आंबट आहे की साबणासारखं तुरट, त्याचं माप. सात म्हणजे मधलं. तलावाचं पाणी सातच्या जरा वर, साडेसातच्या आत ठेवायचं. खाली गेलं की डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. वर गेलं की क्लोरीन कितीही ओता, काम करत नाही आणि पाणी गढूळतं. पंपरूममध्ये एका बारीक पाइपातून तलावाचं पाणी सतत फिरत असे आणि त्यात उभा खोचलेला असे इलेक्ट्रोड, वीतभर लांब, खाली काचेचा वाटाण्याएवढा फुगा, त्याभोवती संरक्षणाला जाळी. तो फुगा पाण्याचा पीएच ओळखणार, कंट्रोलर आकडा दाखवणार, आकडा वर गेला की डोसिंग पंप टकटक करत ॲसिड सोडणार. म्हणजे सगळा कारभार त्या वाटाण्यावर. त्यानं चुकीचं सांगितलं की पंप मुकाट्यानं चुकीचं करणार.

आणि हा वाटाणा फार नाजूक. त्याला कोरडं पडलेलं चालत नाही. वापरात नसला की त्याच्या तोंडावर टोपण लावायचं आणि टोपणात एक खास खारं द्रावण भरून ठेवायचं. पुसायचा नाही, फक्त टिपून घ्यायचा. दर पंधरवड्याला कॅलिब्रेशन. म्हणजे ज्यांचा पीएच पक्का माहीत आहे अशा दोन द्रावणांत तो बुडवायचा, आधी सातच्या, मग चारच्या, आणि कंट्रोलरचे दोन स्क्रू फिरवून आकडा बरोबर आणायचा. काम सोपं आहे. अवघड आहे ते थांबणं. आकडा रांगतो, थबकतो, परत रांगतो. तो पुरता मिनिटभर बसून राहिला की मगच स्क्रूला हात लावायचा. आणि बसवून झालं की तासाभरानं पाण्याचा नमुना घेऊन त्यात रंगाचे थेंब टाकून पडताळायचं. नारिंगी-लाल आलं की पाणी ठीक, पिवळं आलं की आंबट. हे दोन नियम मी स्वतःच वहीत लाल शाईनं लिहून ठेवले होते. हे मुद्दाम सांगून ठेवते.

सेक्रेटरींना या थांबण्याचाच राग. मी इलेक्ट्रोड बुडवून बसले की हे पंपरूमच्या दारात येऊन उभे, मनगट वर करून घड्याळ बघत. बोलायचे काही नाहीत, खाकरायचे. एकदा म्हणाले, अहमदाबादचे लोक हे दहा मिनिटांत करतात. मी म्हटलं, मग पाणीही दहा मिनिटंच बरं राहत असेल. तेव्हापासून ते मला पाण्यात पाहायला लागले. मीही काही कमी नव्हते. ते आले की मी मुद्दाम जास्त वेळ लावायची.

भाद्रपदात त्यांनी एक उपद्व्याप केला. त्यांना सकाळी पोहताना पाणी 'जड' वाटलं. मग स्वतः पंपरूममध्ये जाऊन डोसिंग पंपाचं बटण वाढवून ठेवलं. पंपवाले काका, पाणीगेट भागात राहणारे, तलाव बांधला तेव्हापासून तिथे असलेले, त्यांनी बघितलं आणि मला सांगितलं, बेन, साहेबांनी फिरवलंय. मी ते पूर्ववत केलं, बटणावर पांढरी पट्टी चिकटवली, तिच्यावर लिहिलं 'अडवुं नहीं', म्हणजे हात लावू नये, आणि ऑफिसात जाऊन चारचौघांत विचारलं की पुढच्या वेळी बटण फिरवायचं असेल तर माझ्या तक्त्यावर सही पण तुम्हीच करणार का. ते लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं का सांगू.

बसवलेला इलेक्ट्रोड जुना झाला होता, फार सुस्त. नवा मागवला, तो नवरात्रात आला. पंपरूममध्ये ठेवला तर हे उघडून बघणार म्हणून मी तो सरळ घरी नेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बसवायचा असं ठरवलं. कुणावर विश्वास नाही म्हणून घरी नेला, लक्षात ठेवा.

आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. वडील आयुष्यभर फिटर. निवृत्त झाले तरी त्यांची पेटी तेलपाणी करून तयार. खंडेनवमीला सगळी हत्यारं काढायची, रॉकेलनं धुवायची, फडक्यानं लख्ख पुसायची, वर गोड्या तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे वर्षभर गंज नको, आणि पाटावर मांडून हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पाने, पकडी, कानस, हातोडा. डिप्लोमा झाल्यापासून माझं टूलकिटही पाटावर जात असे. शेजारच्या गुजराती बायका बघायला यायच्या, कारण त्यांच्याकडे गाडीला हार घालतात, पण पकडीला कुंकू लावलेलं त्यांना नवल. वडिलांना त्याचा कोण अभिमान. त्या वर्षी मी सकाळी तलावावर होते. दुपारी आले तर पाटावर माझे स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, आणि मधोमध तो इलेक्ट्रोड उभा, टोपण घातलेला, टोपणावर कुंकवाचं बोट. मी हसले. वडील म्हणाले, तुझं सगळ्यात भारी हत्यार, त्याला मधे मान दिला. मी नमस्कार केला आणि श्रीखंड-पुरी खाऊन झोपले. टोपणावर कुंकू आहे म्हणजे टोपणावरच आहे, असं मी धरून चालले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोपणावरचं कुंकू पुसून मी इलेक्ट्रोड घेऊन गेले. टोपण काढलं, आत पाणी होतं, म्हणजे ठीक. सातच्या द्रावणात बुडवला. तेवढ्यात दारात खाकरणं. आकडा सहा-दोनवर, मग रांगायला लागला. सहा-तीन. सहा-तीनच. सहा-चार. नव्या इलेक्ट्रोडला इतका वेळ लागू नये, हे मला कळत होतं. सरळ काढून परत खाऱ्या द्रावणात घालून ठेवायचा आणि उद्या बघायचं, हे शहाणपण. पण मनगट वर गेलं होतं. ते म्हणाले, नवा आणला तरी तेच का? मग त्यांनी पुढे जोडलं की कमिटीपुढे अहमदाबादचा विषय परत घ्यावा म्हणतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आकडा सहा-सहावर होता आणि हलत होता. मी स्क्रू फिरवला आणि सात करून टाकला. चारच्या द्रावणातही तसंच, जमलं म्हणायचं. इलेक्ट्रोड पाइपात खोचला, टूलकिट बंद केलं, त्यांच्या अंगावरून निघून आले. घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटं झाली होती. तासाभरानं थेंबांची पडताळणी करायला थांबायचं होतं, ते थांबले नाही. रिक्षात बसल्यावर आठवलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पंपवाल्या काकांचा फोन. बेन, जल्दी आवो. बायकांची बॅच सुरू होती. नवरात्र संपलेलं, नऊ दिवस गरबा खेळून पाय सुजलेले, म्हणून त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बायका पोहायला आलेल्या. मी पोचले तेव्हा सगळ्या काठावर, डोळे इंगळासारखे लाल, एकीच्या मानेवर पुरळ, एक शाळेतल्या बाई नळाखाली डोळे धरून बसलेल्या आणि मला बघून म्हणाल्या, हे तुमचं यंत्र ना? मी नमुना घेतला, थेंब टाकले. लिंबाच्या सालीसारखं पिवळं. आत कंट्रोलरवर मात्र ऐटीत सात-सहा. म्हणजे पाणी आंबट होत गेलं, इलेक्ट्रोड ते ओळखेना, आणि पंप बिचारा रात्रभर ॲसिड घालत राहिला. मी पंप बंद केला, बायकांना घरी पाठवलं, सोडा घालायला लावला. तलाव दोन दिवस बंद. शाळेतल्या बाईंनी तिथेच कागद मागून तक्रार लिहिली, रीतसर.

इलेक्ट्रोड काढायला पंपरूमकडे वळले तर सेक्रेटरी आधीच आत. पाइपातून इलेक्ट्रोड काढून त्यांनी हातात धरला होता, खिडकीच्या उजेडाला, आणि आपल्या इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालानं ते त्याचं तोंड पुसत होते. पुसत! मी किंचाळलेच. काच आहे ती, पुसायची नसते, कुणी सांगितलं हात लावायला? त्यांनी माझ्याकडे बघितलं. रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, इलेक्ट्रोड माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले. मी मनात म्हटलं, सापडलात.

कमिटीची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला. टेबलावर चहा, खारी आणि बाईंची तक्रार. अध्यक्षांनी मला विचारलं, काय झालं ते सांगा. मी रात्रीच ठरवून आले होते. गुजरातीतच बोलले, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. मी म्हणाले, यंत्र चांगलं आहे, पण त्याला नको ते हात लागतात. भाद्रपदात सेक्रेटरी साहेबांनी डोसिंग पंपाचं बटण मला न विचारता वाढवलं होतं. परवा ते माझ्या डोक्यावर उभे होते. आणि काल इलेक्ट्रोड त्यांनी स्वतः उपटून रुमालानं पुसला. पुसलेल्या काचेवर आता मी काय तपासणार, पुरावाच गेला. ज्या यंत्राला कुणीही येऊन हात लावतं त्याची जबाबदारी मी कशी घेऊ?

यातलं एकेक वाक्य खरं होतं. आणि सगळं मिळून खोटं होतं, हे मला बोलतानाच माहीत होतं. आकडा बसायच्या आधी मी स्क्रू फिरवला, पडताळणी न करता निघून गेले, हे मी गिळलं. मला वाटत होतं माझी चूक तेवढीच. पण तेवढीही पुरेशी होती, आणि तेवढ्यासाठी मी अहमदाबादवाल्यांना माझ्या तक्त्यावर सही करू देणार नव्हते. म्हणून मी त्या माणसाला पुढे केलं. त्याचा मला इतका राग होता की तो दोषी नाही हे मला फार महत्त्वाचं वाटलं नाही.

पंपवाल्या काकांना बोलावलं. ते खाली मान घालून म्हणाले, हो, बटण साहेबांनी फिरवलं होतं, मी पाहिलं. अध्यक्षांनी सेक्रेटरींना विचारलं, बटण फिरवलं होतं? हो. इलेक्ट्रोड तुम्ही काढलात? हो. पुसलात? हो. का? मला वाटलं, आता हे म्हणणार की ही बाई नऊ मिनिटांत पळून गेली. ते दारात होते, घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. पण ते म्हणाले, बघत होतो. एवढंच. कुणीतरी हसलं. दुसरा कुणी म्हणाला, साहेब, उंमरनुं काम छे, वय झालं, आता जरा आराम करा. त्यांनी कागद ओढला, त्याच वळणदार अक्षरात दोन ओळी लिहिल्या, तलावाच्या कामातून मोकळं होत असल्याच्या, आणि चहा तसाच ठेवून उठले. माझं काम पक्कं झालं. एका तक्रारीचं कलमही काढून टाकलं. घरी जाताना मी जिलबी घेतली.

चौथ्या दिवशी ते किल्ल्या परत द्यायला आले. मी पंपरूममध्ये एकटी होते, जुनाच इलेक्ट्रोड परत बसवत होते. मला वाटलं, आता भांडणार. मी तयार होते, अगदी पदर खोचून. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढून माझ्यापुढे धरली. आत त्या नव्या इलेक्ट्रोडचं टोपण होतं. मी ते त्या दिवशी रागात खिडकीतच विसरले होते.

"आत बघा," ते म्हणाले.

टोपणाच्या तळाशी कुंकू होतं. चिकट, तेलात कालवलेलं, दोन तांदळाचे तुकडे त्यात रुतलेले. मी नाकाजवळ नेलं. शेंगदाण्याचं तेल. आमच्या घरातल्या बाटलीतलं.

"काचेभोवतीच्या जाळीतही होतं. ते मी पुसलं," ते म्हणाले. "कुंकू निघालं. तेल काही रुमालानं निघेना."

वडिलांनी टोपण उघडलं होतं. खाऱ्या द्रावणाचा पांढरा थर काठावर धरतो, तो त्यांना गंज वाटला असणार. ते गढूळ पाणी ओतून दिलं, काच फडक्यानं लख्ख पुसली, तेलाचं बोट फिरवलं, कुंकू-अक्षता वाहिल्या, आणि मग लेकीच्या हत्याराला स्वच्छ पाणी हवं म्हणून नळाचं पाणी भरून टोपण परत घातलं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी चाळीस वेळा त्यांना पकडीला तसं करताना बघितलं होतं.

मी विचारलं, "सभेत का नाही बोललात?"

ते दाराकडे वळले होते. "त्या टेबलाभोवती आपल्या घरातल्या पूजेला हसले असते. तुमच्या वडिलांना हसले असते. ते मला चाललं नसतं." मग, जाता जाता, "त्यांना एवढंच सांगा, काचेला तेल लावत नाहीत."

आपल्या घरातल्या! इतके दिवस मी बाहेरची होते. ज्या दिवशी त्यांना मला बाहेर काढता आलं असतं, एक वाक्य बोलून, तोच दिवस त्यांनी मला आत घ्यायला निवडला. आणि मी काय केलं होतं? त्यांनी माझ्या बापाची लाज झाकायला रुमाल मळवला, तर मी तोच रुमाल सभेत त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून फडकवला. मी त्यांच्या मागे धावत जाऊन माफी मागायला हवी होती. नाही गेले. अध्यक्षांना जाऊन खरं सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी अध्यक्षांच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं, आणि तक्त्यावरची माझी सही डोळ्यांपुढे आली. बोट काढून घेतलं आणि परत फिरले.

घरी वडील झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, तुझं ते काचेचं हत्यार बरं चाललंय ना? मी तेल लावलं होतं, गंज नाही चढणार. मी म्हटलं, छान चाललंय बाबा. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या खंडेनवमीपासून इलेक्ट्रोड तलावावरच ठेवला आणि पाटावर रिकामं टोपण मांडलं. वडिलांनी त्यालाच कुंकू लावलं आणि वर तेलाचं बोट.

सेक्रेटरी नंतर मला दोनदा दिसले, रावपुऱ्यात, एकदा औषधाच्या दुकानात आणि एकदा रस्त्याच्या पलीकडे. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, जणू काही झालंच नाही. मी दोन्ही वेळा दुसरीकडे बघितलं. ते पोहायला परत कधी आले नाहीत. ते वारले हे कळलं तेव्हा मी घरच्यांना भेटायला गेले नाही, कुठल्या तोंडानं जाणार होते?

लोक म्हणतात, अशा माणसाबद्दल कृतज्ञ असावं. मी नाही. मी त्यांच्यावर तेव्हाही चिडले होते आणि आजही चिडलेली आहे. ते भांडले असते, मला हाकललं असतं, तर हिशेब तिथेच मिटला असता आणि मी आयुष्यभर त्यांना शिव्या घालत सुखानं सोल्डरिंग केलं असतं. तेवढंही त्यांनी मला करू दिलं नाही. एकोणीस वर्षं मी त्या तक्त्यावर सही करत आलेय, आणि प्रत्येक सहीच्या वेळी मला माहीत असतं की ही जागा माझी का आहे.

आता पंपरूमच्या दारात कुणी उभं राहत नाही. मी इलेक्ट्रोड सातच्या द्रावणात बुडवते आणि थांबते. आकडा रांगतो, थबकतो, बसतो. मी आणखी एक मिनिट थांबते. कुणी खाकरत नाही, कुणी घड्याळ बघत नाही, हवा तेवढा वेळ आहे. आणि तेव्हाच मला त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग येतो.